आता काही त्रास नाही ना?

लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस भेटला की आपण सगळे हेच विचारतो. तोही "छे, अजिबात नाही!" म्हणतो आणि विषय संपतो. माझ्या मते हा प्रश्नच कुचकामी आहे.

माझ्या मावसभावाला जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलो होतं. म्हणजे हृदयाच्या पडद्याला भोक आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद (दोष एकूण चार, पण मुख्य भानगड या दोघांची). चौथ्या वर्षी ऑपरेशन झालं, पोरगा निळ्याचा गुलाबी झाला आणि फाईल माळ्यावर गेली. आता तो चौतिशीत आहे. लिफ्ट बंद असली की खाली चहा पीत थांबतो. मावशी म्हणते, आळशी आहे मेला.

या दुरुस्तीची सुरुवात १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटात लिलेहाय यांनी केली. तेही हार्ट-लंग मशीनशिवाय, दुसऱ्या माणसाचं रक्ताभिसरण रुग्णाला जोडून! थोर काम. पण दुरुस्त म्हणजे नवंकोरं नव्हे. अरुंद वाट मोकळी करताना बऱ्याचदा तिथली झडप निकामी होते. मग फुफ्फुसाकडे ढकललेलं रक्त दर ठोक्याला थोडं मागे येतं. उजवा कप्पा वर्षानुवर्षं ते निमूटपणे झेलतो आणि हळूहळू फुगतो. माणूसही नकळत आपली चाल कमी करत जातो. त्रास कुठून जाणवणार?

इको काढतात तो आडवं झोपवून. झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताच्या वेगावरून कप्प्यातला दाब काढतात: वेगाचा वर्ग गुणिले चार. सेकंदाला ३ मीटर वेग असेल, तर दोन कप्प्यांच्या दाबातला फरक ३६ मिलिमीटर. पण हा झाला विश्रांतीचा हिशोब. महाधमनीचा अरुंद भाग दुरुस्त केलेल्या काहींचा रक्तदाब बसल्याजागी अगदी शहाण्यासारखा असतो आणि व्यायाम करताना भलताच चढतो.

म्हणून सायकल. तोंडावर मास्क, छातीला वायरी, दर मिनिटाला पेडल जड. आठ-बारा मिनिटांत शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते कळतं. वय, उंची वगैरे धरून जेवढा अपेक्षित होता, त्याच्या ५८ टक्के आमच्या या 'एकदम फिट' पठ्ठ्याचा निघाला.

मावशीचं म्हणणं, कशाला उकरून काढायचं? अजून लग्न व्हायचंय त्याचं. तिची भीती खोटी नाही, स्थळं खरंच मागे फिरतात. तरीही मला हे पटत नाही. झडप वेळेत बदलली तर फुगलेला कप्पा पुष्कळसा आवरतो, फार उशीर झाला तर नाही. आणि २००० सालापासून काही जणांना ती मांडीच्या शिरेतून, छाती न उघडताही बसवता येते. शिवाय किती आणि कसा व्यायाम झेपेल हेही त्याच टेस्टवरून सांगतात. नाहीतर आपल्याकडे "जपून हं"पलीकडे सल्ला नसतो.

तुमच्याकडे अशी माळ्यावरची फाईल असेल तर काढा बुवा खाली.

त्याची पुढची टेस्ट दिवाळीनंतर आहे. डॉक्टरांनी दोन-तीन तास आधी हलकं खायला सांगितलंय, चहा-कॉफी बंद. मावशीचा उपम्याचा बेत आत्ताच ठरलाय.