शिकाऊ हातात गाडी, पण विम्याचे काय?



गेल्या वर्षावासात विहारातील ग्रंथवाचन आटोपल्यावर आमच्या वसाहतीतील एक बांधव आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, पोराला अठरा पूर्ण झाली. जुनी गाडी घेतलीय, शिकाऊ लायसन्सही निघालं. आता त्याच्या नावानं विमा कुठं काढू?"

आम्ही म्हणालो, "आधी गाडीचे कागद दाखवा." पाहतो तो काय! गाडी घेऊन दोन महिने झाले, तरी पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर.

ज्यांच्या बापजाद्यांच्या नशिबी स्वतःची बैलगाडीही नव्हती, त्यांच्या दारात चारचाकी उभी राहिली, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण गाडीबरोबर तिचा कायदाही घरात आला पाहिजे.

पहिली गोष्ट. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नव्हे. शिकाऊ मुलासाठी वेगळी पॉलिसी काढावी लागत नाही. मात्र जुनी गाडी घेतल्यावर 14 दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावा. तिऱ्हाइतासाठीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे येतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर पॉलिसी आपल्या नावावर लागते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही आपल्याला मिळत नाही. तेवढा फरक भरावा लागतो.

दुसरी गोष्ट पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते. शिकाऊ लायसन्सवाल्याने गाडी चालवली तरी विमा लागू असतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 3 पाळला तरच. शेजारी पक्के लायसन्स असलेली व्यक्ती हवी, तीही गाडी आवरता येईल अशा जागी बसलेली. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडा 'एल' हवा. शिकाऊ लायसन्स 6 महिने चालते आणि 30 दिवसांनंतर पक्क्यासाठी परीक्षा देता येते. तोवर पोराने एकट्याने गाडी काढली, तर अट मोडली. मग कंपनी गाडीच्या दुरुस्तीचे पैसे नाकारू शकते.

आमचे बांधव म्हणाले, "मी बसतो की शेजारी!" आम्ही विचारले, "तुमचे लायसन्स?" ते गप्प झाले. बाप शेजारी बसला म्हणून कायदा भागत नाही.

मुलगा अठराच्या आतला असेल तर प्रश्नच नको. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा. हा 'तिऱ्हाईत' कोण? रस्त्याच्या कडेला भाजी विकणारी मावशी, पहाटे झाडू मारणारा सफाई कामगार, सायकलवर कामाला जाणारा मजूर. म्हणजे बहुतेक वेळा आपलाच माणूस! त्याला धक्का लागला तर त्याचे घर उघड्यावर पडू नये, म्हणून मोटार वाहन कायदा 1988 नुसार हा विमा सक्तीचा आहे. शिकाऊ लायसन्स हेही लायसन्सच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सांगितले. अटींचा भंग झाला असेल तर न्यायालय कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावू शकते आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते. त्यात घरदार जायची वेळ येते.

बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा सरकारच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला जीवन विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. गरिबाच्या घराला आधार हवा, हे त्यांनी ओळखले होते. आपण मात्र विम्याला पोलिसाला दाखवायचा कागद समजतो!

असो. त्या बांधवांनी दुसऱ्याच दिवशी नावबदलाचा अर्ज दिला. त्यांची थोरली लेक नोकरीला आहे आणि तिचे लायसन्स पक्के आहे. आता दर रविवारी ताई शेजारी बसते, भाऊ शिकतो आणि बाप मागच्या सीटवर मुकाट बसतो. हे दृश्य पाहून आम्हाला समाधान वाटले.

तुमच्या घरात कोणी गाडी शिकत असेल, तर आज संध्याकाळीच कपाटातली पॉलिसी काढून तीन गोष्टी पाहा: नाव, मुदत आणि चालकाची अट.

जयभीम! नमो बुद्धाय!