खोडलेला ‘हॅज’

वाचकहो, दिवाळीच्या फराळात व्याकरण वाढू नये, हे मला कळते. पण इंग्रजीतल्या पूर्ण वर्तमानकाळाने मला एकदा असा चटका दिला आहे, की सांगितल्यावाचून राहवत नाही.

घडण सोपी. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ घ्यावे, पुढे क्रियापदाचे तिसरे रूप ठेवावे. गो, वेंट, गॉन. ‘ही हॅज गॉन’, तो गेला आहे. आपल्या ‘आहे’चा सख्खा भाऊच! आणि तिथेच फसगत. आपण खुशाल ‘मी कालच आलो आहे’ म्हणतो. इंग्रजाला ‘हॅव कम’च्या शेजारी ‘यस्टर्डे’ खपत नाही. काल संपला, तेव्हा साधे ‘केम’ हवे. ‘हॅव’चा धागा आजपर्यंत पोचलाच पाहिजे.

माझे वडील हायस्कुलात 31 वर्षे इंग्रजी शिकवीत. इंग्लंडातल्या एका वृद्ध गृहस्थांशी त्यांची पत्रमैत्री. पोस्टाच्या तिकिटांची देवाणघेवाण चाले. 1993 साली वडील गेले. कळवायचे काम माझ्याकडे आले. ‘वारले’ असे लिहवेना. मनात मराठी जुळवले : ‘वडील गेले. त्यांनी 31 वर्षे इंग्रजी शिकवले आहे. तुमची नेहमी आठवण काढली आहे.’ ‘वेंट’ कोरडे वाटले, म्हणून ‘हॅज गॉन’ केले. पुढे ‘हॅज टॉट’, ‘हॅज रिमेम्बर्ड’.

महिन्याने उत्तर आले, सोबत चार तिकिटे. वडील कुठे गेले आहेत? परतले की ही त्यांना द्या. अजून शिकवतात, हे वाचून आनंद झाला!

त्या गृहस्थांची काय चूक? ‘हॅज गॉन’ म्हणजे गेला, अजून परतला नाही. (जाऊन आला असता, तर ‘हॅज बीन’.) ‘हॅज टॉट फॉर थर्टी-वन इयर्स’ म्हणजे इतकी वर्षे शिकवीत आला आहे, बहुधा आजही शिकवतो. गेलेल्या माणसाच्या आयुष्याची हकीकत सांगताना इंग्रजी सहसा ‘हॅज’ लावीत नाही. आमची मराठी मात्र ‘ज्ञानेश्वरांनी सांगितले आहे’ असे सातशे वर्षांनंतरही म्हणते!

पहिल्या पत्राचा कच्चा कागद समोर घेऊन पुन्हा बसलो. ‘हॅज गॉन’च्या जागी ‘डाइड’ आले, ‘टॉट’आधीचा ‘हॅज’ गेला. ‘रिमेम्बर्ड’आधीचा खोडायला मला आठ दिवस लागले.