मिशन ट्रिपआधी यजमानांना विचारा

संपादक महोदय,

मंडळीतील तरुणांनी आफ्रिकेत दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिपला जावे, असे आवाहन करणारे पत्र आपल्या गेल्या अंकात वाचले. लिहिणाऱ्या बंधूंची तळमळ खरी आहे. पण कुठे जायचे, खर्च किती, सोबत काय न्यायचे हे सगळे त्यात आहे. तिथल्या मंडळीने किंवा दवाखान्याने काय मागितले आहे, याबद्दल मात्र एक ओळही नाही. माझा आक्षेप त्यालाच आहे.

मी परिचारिका आहे. मलावीत एका वैद्यकीय पथकाबरोबर मी काम केले आहे. तिथे रुग्णाजवळ एक छोटी वही असते, तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात. बायका ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जिवापाड जपतात. झालेला मलेरिया, लसी, बाळाचे वजन, चालू गोळ्या, सगळे त्यात. दवाखाना सरकारी असो की मिशनचा, पुढचा माणूस ती वही बघूनच औषध देतो. आमच्या पथकाचे मात्र स्वतःचे छापील केसपेपर होते. शाळेच्या वर्गात टेबले मांडली, दिवसभर रांग लागली, आणि केसपेपर पथकाबरोबर परत गेले. वह्या कोऱ्याच राहिल्या. रक्तदाब वाढलेल्या एका आजींना पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्याही परदेशी नावाच्या. सोळाव्या दिवशी त्यांनी कोणाला काय दाखवायचे? हे तिथल्याच नर्सने विचारले, आणि पथकप्रमुखांना उत्तर देता आले नाही. त्या बाई बारा महिने त्याच गावांत राबतात, कोणाच्या घरात काय दुखणे आहे हे त्यांना तोंडपाठ. त्या आठवड्यात त्यांना दुभाषी म्हणून आमच्या शेजारी उभे केले होते!

मलावीत आपण जाऊन दवाखाना उघडावा अशी स्थिती नाही. ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी या संघटनेची रुग्णालये देशातील आरोग्यसेवेचा मोठा भार उचलतात, सरकारशी त्यांचे करार आहेत. तिथे सुरुवातीला गेलेले स्कॉटिश डॉक्टर रॉबर्ट लॉज १८७५ साली पोहोचले आणि पन्नासहून अधिक वर्षे त्याच कामात राहिले. त्या मुक्कामाची आठवण सांगून आजच्या पंधरवड्याचे समर्थन करता येत नाही.

घाईची सेवा कुठवर जाते, हे हैतीत दिसले. २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतील बाप्टिस्ट मंडळीचे दहा जण ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना पकडले गेले. मुले अनाथ आहेत असे सांगितले गेले होते. बहुतेकांचे आईवडील हयात निघाले. हेतू चांगला होता एवढ्याने त्या आईबापांचे समाधान व्हावे काय?

आपल्या नगर जिल्ह्याने तर याबाबतीत जगाला वाट दाखवली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. टाळता येण्यासारख्या आजारांचे तेच ते रुग्ण पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी पाहिले. १९७० मध्ये ते जामखेडला आले आणि गावातल्याच, बहुधा निरक्षर बायांना त्यांनी शिकवले. बाळंतपण, जुलाब, मुलांचे वजन या बायांच्या हाती आले. डॉक्टर गावात नसतानाही काम चालू राहिले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या जोडप्याला मिळाला. ख्रिस्ती सेवेचा हा नमुना घराजवळ असताना आपली मुले दुसराच धडा गिरवायला का जावीत?

जाण्याने तरुणांचे मन बदलते, असे मला सांगितले जाईल. बदलते, हे मी पाहिले आहे. पण आपल्या मुलांना जगाची ओळख व्हावी म्हणून दुसऱ्याचे आजारपण वापरायचे नसते. इथे ज्याला सलाईन लावायची परवानगी नाही, त्याला तिथेही ती नसावी.

तेव्हा त्या बंधूंना माझी विनंती: नावनोंदणी सुरू करण्याआधी यजमान दवाखान्याला पत्र लिहा, काय हवे ते विचारा, आणि आलेले उत्तर मंडळीपुढे वाचून दाखवा. पथक तिथल्या नर्सच्या हाताखाली काम करील आणि प्रत्येक औषधाची नोंद रुग्णाच्या वहीत होईल, हे लेखी कबूल करा. त्यांनी माणसे नकोत, एका नर्सचा वर्षाचा पगार द्या असे कळवले, तर विमानभाड्यासाठी जमवलेले पैसे त्यासाठी पाठवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर