भूल देणारा एकटा नको

बंगळुरूच्या पोस्टिंगला आता दीड वर्ष होत आलं. माझं काम ऑपरेशन थिएटरमधलं. सकाळी ऑक्सिजनचा दाब बघायचा, सक्शन चालवून बघायचं, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का तपासायचं, नळ्या मापाप्रमाणे मांडून ठेवायच्या. भूल देणारे साहेब आत येतात तेव्हा सगळं हाताशी असतं. काही अडलंच तर शेजारच्या थिएटरमध्ये दुसरे साहेब असतात आणि त्यांच्याही वर मोठे साहेब. इथं भूल देणारा कधीच एकटा नसतो.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला गावाहून भावाचा फोन आला. वहिनी अडली होती, सिझर करायला हवं होतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करणाऱ्या मॅडम हजर होत्या. भूल देण्याचं सरकारी प्रशिक्षण घेतलेले डॉक्टरही होते. तरी तिला जिल्ह्याला पाठवलं. पाऊस, घाट, आणि अॅम्ब्युलन्समध्ये दोन तास. मी इथं बराकीबाहेर फोन हातात धरून उभा. पहाटे कळलं, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. नशीब. पण नशिबावर ड्यूटी चालत नाही.

सुट्टीवर गेलो तेव्हा त्या डॉक्टरांना गाठलं, भांडायच्याच तयारीनं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "मेजर, मला शिकून तीन वर्षं झाली. इथं आल्यापासून मोजून चार वेळा भूल दिली. कमरेत सुई मी घालेन हो. पण भूल वर चढली, बाईचा दम अडकला, तर माझ्या शेजारी कोण आहे? फोन तरी कुणाला लावू?"

माझा राग तिथंच उतरला. कारण भूल वर चढते म्हणजे काय, हे मी पाहिलंय. रक्तदाब घसरतो, छातीचे स्नायू ढिले पडतात, रुग्णाला बोलता येत नाही. अशा वेळी एकानं मास्क धरून श्वास द्यायचा, दुसऱ्यानं औषध भरून द्यायचं, तिसऱ्यानं नळी पुढं करायची. दोन हातांचं ते काम नव्हे.

आता यामागची गोष्ट सांगतो. आपल्याकडे भूल डॉक्टरनंच द्यायची असते. आफ्रिकेतल्या अनेक देशांत प्रशिक्षित नर्स किंवा क्लिनिकल ऑफिसर भूल देतात, तसं इथं नाही. भूलतज्ज्ञ शहरांत राहतात, तालुक्याला येत नाहीत. म्हणून सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांसाठी १८ आठवड्यांचं प्रशिक्षण काढलं. नाव 'लाइफ सेव्हिंग अॅनेस्थेटिक स्किल्स'. हेतू एकच, अडलेल्या बाईचं सिझर जवळच्या दवाखान्यात व्हावं. कल्पना चांगली होती. पण प्रशिक्षण घेऊनही भूल न देणारे डॉक्टर अनेक ठिकाणी निघाले.

काही तज्ज्ञ म्हणतात, १८ आठवड्यांत भूलतज्ज्ञ होत नाही, अर्धवट शिकलेला माणूस धोक्याचा. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. भूलतज्ज्ञ व्हायला एमबीबीएसनंतर तीन वर्षं घासावी लागतात, ती उगाच नाहीत. पण माझ्या वहिनीपुढं तज्ज्ञ की १८ आठवडेवाला, अशी निवड नव्हतीच. १८ आठवडेवाला की घाट, अशी होती. २०१५ साली लॅन्सेटच्या आयोगानं सांगितलं की जगातल्या ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल मिळत नाही. त्यातल्या बहुतेकांपुढं असाच कुठला तरी घाट असतो.

माझं म्हणणं असं, की चूक प्रशिक्षणाच्या लांबीत कमी आणि त्यानंतरच्या शांततेत जास्त आहे. फौजेत रिक्रूटला ट्रेनिंग सेंटरमध्ये रायफल शिकवतात, पण तेवढ्यावर सोडत नाहीत. पुढं दरवर्षी रेंजवर नेतात, कारण हात विसरतात. आणि पुढच्या चौकीवर पाठवतात तेव्हा सोबत साथीदार देतात, रेडिओ सेट देतात. या डॉक्टरांना आपण रायफल दिली, पण ना रेंज दिली, ना सेट, ना साथीदार.

सेटचा नमुना याच शहरात आहे. इथलं निमहान्स मानसोपचारात कित्येक वर्षं हे करतंय. दूरच्या जिल्ह्यांतले डॉक्टर ठरलेल्या वेळी स्क्रीनवर जमतात, आपापल्या केसेस मांडतात, इथले तज्ज्ञ वाट दाखवतात. न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये डॉ. संजीव अरोरांनी कावीळ-सी साठी सुरू केलेल्या 'इको' पद्धतीवर ते चालतं. भुलीचा आणीबाणीचा क्षण स्क्रीनवर निभावत नाही, हे खरं. पण कुठली केस घ्यायची, कुठली पुढं पाठवायची, गेल्या आठवड्यात काय चुकलं, हे नक्की बोलता येतं.

म्हणून तीन गोष्टी हव्यात. प्रत्येक प्रशिक्षित डॉक्टरला मेडिकल कॉलेजातल्या एका भूलतज्ज्ञाचा नंबर, रात्री दोनलाही उचलला जाणारा. वर्षातून दोन आठवडे मोठ्या थिएटरमध्ये हात चालवायची सक्तीची ड्यूटी, आणि तेवढ्या काळात त्याच्या जागी बदली माणूस. आणि त्याच्यासोबत माझ्यासारखा एक शिकलेला सहाय्यक. या तिसऱ्याकडे कुणी बघतच नाही. नळी कुठल्या मापाची आणि सिलिंडर भरलेला की रिकामा, हे आधी बघून ठेवणारा माणूस असला की डॉक्टरचं लक्ष रुग्णावर राहतं.

निघताना डॉक्टरांना माझा नंबर देऊन आलो. मी भूलतज्ज्ञ नाही, सल्ला देऊ शकत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी त्यांचा एकदा फोन आला, सक्शनची बाटली ओढत नाही म्हणून. झाकणाचं रबर बघा म्हटलं. तेच निघालं.