बंद दाराआडचे धैर्य

मराठीतील पहिली कादंबरी मानल्या जाणाऱ्या ‘यमुनापर्यटन’चा (१८५७) आपण सीमाभागातील मंडळी अभिमानाने उल्लेख करतो, तिचे कर्ते बाबा पदमनजी बेळगावचे, हेही आवर्जून सांगतो. मात्र १८५४ मध्ये त्यांनी त्याच बेळगावात बाप्तिस्मा घेतला, हे सांगताना आपला आवाज खाली येतो. ‘मिशनऱ्यांच्या नादी लागले’ एवढ्यावर विषय मिटवला जातो.

हा निवाडा अन्यायाचा आहे. मुंबईत १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेत पदमनजी होते. मूर्तिपूजा व जातिभेद सभेस अमान्य होते; पण बंद दाराआड. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली आणि नावे फुटण्याच्या भयाने सभाच मोडली. पदमनजींनी यादी फुटण्याची वाट पाहिली नाही. ख्रिस्त सत्य वाटला, तेव्हा त्यांनी ते चारचौघांत सांगितले. आपल्या मतांतराची कहाणी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवली. ती न वाचताच आपण त्यांचा हेतू ठरवतो!

आत नाकारणारे प्रतिष्ठित राहिले; उघड नाकारणारा परका ठरला. मूर्तीपुढे मनोभावे हात जोडणाऱ्याशी माझा वाद नाही. लोकांच्या धाकाने हात जोडणारा मात्र देवाची नव्हे, शेजाऱ्यांची पूजा करतो.

पदमनजींचा धर्म कोणी स्वीकारावा, असे मी म्हणत नाही. परंतु ग्रंथ आमचा आणि ग्रंथकाराचा निर्णय परका, ही सोयीची वाटणी आता थांबावी.