पाच वर्षांची सनद

परिचारिकेच्या व्यवसायाला ज्यांनी जगात प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीच परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला निकराने विरोध केला होता, ही गोष्ट आज पुष्कळांना खरी वाटणार नाही. परीक्षेने विद्या मोजता येईल, परंतु शुश्रूषेला जे शील लागते ते कोणत्या तराजूत घालणार, असा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ होता. एथेल फेनविकबाईंनी उलट बाजू तीस वर्षांवर लढवली. आणि १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा झाल्यावर तेथील नोंदवहीत पहिले नाव त्यांचेच लागले.

आपल्याकडेही निकाल फेनविकबाईंच्याच बाजूने लागलेला आहे. दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे नाही; १९६६ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या दप्तरी नाव दाखल व्हावे लागते आणि दर पाच वर्षांनी त्या नोंदणीची मुदत वाढवून घ्यावी लागते. या मुदतवाढीला, वॉर्डातल्या भाषेत ‘रिन्युअल’ला, निरंतर शिक्षणाच्या श्रेयांकांची अट जोडलेली आहे.

ही अट योग्यच आहे, याविषयी मला संदेह नाही. उपकेंद्रातली एखादी एएनएम पाहा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जिने त्रिगुणी लस टोचण्याचे शिक्षण घेतले, तिच्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये आज पेंटाव्हॅलंट आहे, रोटाव्हायरस आहे, न्यूमोकोकल आहे. पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर चार आठवड्यांपर्यंत चालते. गोवर-रुबेलाची द्रावण मिसळलेली कुपी मात्र चार तासांनंतर टाकूनच द्यावी लागते. हा भेद जिला ठाऊक नाही, तिचा जुना दाखला कितीही उत्तम श्रेणीचा असला तरी बालकाच्या काय कामाचा?

दोष आहे तो या अटीच्या अंमलबजावणीत. श्रेयांक मिळवून देणाऱ्या एका चर्चासत्रात मागच्या रांगेत बसण्याचा प्रसंग मजवर आला होता. रात्रपाळी संपवून, घरचा स्वयंपाक उरकून, पदरचे शुल्क भरून आलेल्या भगिनी व्याख्यानाच्या पहिल्याच घटकेत डुलक्या घेऊ लागल्या. जाग आली ती हजेरीचा कागद फिरू लागला तेव्हा. दुपारी सर्वांना सारखीच प्रमाणपत्रे मिळाली आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत, नोंदणीच्या दाखल्यामागे, जपून सरकवली गेली. त्यांच्या निद्रेला मी दोष देत नाही. ज्या व्यवस्थेने त्यांचा एकमेव विश्रांतीचा दिवस विद्येच्या नावाखाली हिरावून घेतला, तिला देतो.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी नवा राष्ट्रीय आयोग आणण्याची तजवीज २०२३ च्या कायद्याने केलेली आहे. नवी घडी बसत असतानाच दोन गोष्टी पक्क्या व्हाव्यात. श्रेयांकांचे शिक्षण कामाच्या वेळेत आणि कामाच्या जागी दिले जावे व त्याचा खर्च नोकरी देणाऱ्या संस्थेने सोसावा. दुसरे असे की, श्रेयांक हजेरीवर न देता प्रत्यक्ष करून दाखवलेल्या कौशल्यावर द्यावा: सलाईनचे थेंब घड्याळाशी ताडून पाहणे, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव वेळीच ओळखणे, न रडणाऱ्या अर्भकाला श्वास देणे.

लसीच्या कुपीवर मुदतीची तारीख छापलेली असते, तरीही जाणती परिचारिका तेवढ्यावर विसंबत नाही. वेष्टनावरच्या वर्तुळातला लहानसा चौकोन ती उजेडात धरून पाहते, कारण आतली लस उष्णतेने निकामी झाली असेल तर तो काळवंडतो. तारीख कारखान्यातून निघालेल्या लसीविषयी सांगते, चौकोन आज हातात असलेल्या लसीविषयी. आपण मात्र परिचारिकेच्या सनदेवर दर पाच वर्षांनी नवी तारीख तेवढी घालतो, आणि चौकोन पाहावयाचे राहून जाते.