चूक कंपनीची, भुर्दंड दुकानदाराला

दिवाळी आटोपली की आमच्या पेठेतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची झुंबड उडते. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि पत्रिका त्याआधी हातात हव्या असतात. छापखान्याचे मालक माझे जुने स्नेही. वडिलांनी सुरू केलेला हा व्यवसाय ते आणि त्यांच्या पत्नी दोघे मिळून सांभाळतात. यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुकानातले दोन्ही दूरध्वनी मुके झाले. तारेत काही बिघाड असेल म्हणून त्यांनी एक दिवस वाट पाहिली. मग आपल्या मोबाइलवरून दुकानाचा क्रमांक लावला, तेव्हा पलीकडून आवाज आला, 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.'

घडले होते ते इतकेच. त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका ग्राहकाने आपली जोडणी बंद करण्याचा अर्ज दिला होता आणि कार्यालयात कुणीतरी भलताच खाते क्रमांक संगणकात भरला. माणसाच्या हातून चूक होते, त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर जे सुरू झाले त्याबद्दल.

मी त्यांच्याबरोबर कंपनीच्या कार्यालयात गेलो होतो. भरलेल्या बिलाची पावती टेबलावर ठेवली. समोरचा तरुण अत्यंत सौजन्याने म्हणाला, ''काका, सिस्टिममध्ये तुम्हीच लाइन बंद केल्याचे दिसते आहे. नवीन अर्ज करा. हाच नंबर मिळेल की नाही, ते मात्र सांगता येणार नाही.'' म्हणजे अर्ज न करता जोडणी गेली आणि ती परत मिळविण्यासाठी मात्र अर्ज, ओळखपत्र, छायाचित्र, जागेचा पुरावा! अकरा दिवस हे चालले. अखेर क्रमांक तोच मिळाला, हे त्यांचे नशीब. पुढच्या बिलात अकरा दिवसांचे भाडे वजा झाले आणि कंपनीच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

वस्तुतः मिटले काहीच नव्हते. नुसता बिघाड असता तर गिऱ्हाइकाला वाटले असते, कुणी उचलत नाही, पुन्हा करू. 'अस्तित्वात नाही' या शब्दांचा अर्थ बाजारात वेगळा होतो. त्याचा अर्थ होतो, दुकान उठले. सांगलीच्या ज्या घरातल्या दोन मुलींच्या पत्रिका इथे छापल्या गेल्या, त्यांनी धाकटीची पत्रिका दुसरीकडे दिली. मंडईत भेटलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तर हळहळून विचारले, ''छापखाना बंद केलात म्हणे?'' तीस वर्षे पाटीवर, पावतीपुस्तकावर आणि गावोगावच्या डायऱ्यांत असलेला क्रमांक ही त्या व्यवसायाची पतच असते. ती पत कंपनीच्या ध्वनिमुद्रित बाईने अकरा दिवस येणाऱ्या प्रत्येकाला नाकारून सांगितली.

आणि भरपाई कशाने मोजायची, तर भाड्याने. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ मध्ये सेवेच्या दर्जाचे जे नियम केले, त्यांत लँडलाइनचा बिघाड तीन दिवसांहून अधिक राहिला तर सात दिवसांचे, सात दिवसांहून अधिक राहिला तर पंधरा दिवसांचे आणि पंधरा दिवसांपलीकडे गेला तर महिन्याचे भाडे माफ, असे परिमाण होते. घरच्या दूरध्वनीला ते ठीक म्हणता येईल. दुकानदाराचे नुकसान आणि दूरध्वनीचे भाडे यांचा मात्र अर्थाअर्थी संबंध नाही.

न्यायालयाची वाटही सरळ नव्हती. केरळमधल्या कोझिकोड येथील एका ग्राहकाचा दूरध्वनी तोडला गेला होता. जिल्हा ग्राहक मंचाने जोडणी पूर्ववत करून पाच हजार रुपये भरपाई द्यायला सांगितले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये निकाल लागला की, १८८५ च्या तार कायद्यात लवादाची तरतूद असल्याने ग्राहक मंचाला अधिकारच नाही. इंग्रजांनी तारयंत्रासाठी केलेला कायदा असा स्वतंत्र भारतातल्या ग्राहकाच्या आड आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका खासगी मोबाइल कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे दार पुन्हा उघडले. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क अबाधित ठेवला आहे.

तरीही एक मेख उरतेच. 'व्यापारी प्रयोजना'साठी सेवा घेणारा हा कायद्याच्या व्याख्येत ग्राहक नाही. ही दुरुस्ती २००३ पासून अंमलात आली आणि २०१९ च्या कायद्यातही ती कायम राहिली. मोठ्या उद्योगांनी ग्राहक मंचांचा वेळ खाऊ नये, हा हेतू रास्त आहे. परंतु नवरा-बायकोच्या कष्टांवर चालणाऱ्या छापखान्याला आणि शेकडो नोकरांच्या कंपनीला एकाच तागडीत घालणे हा न्याय नव्हे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. त्या परंपरेतल्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हाती घ्यावा. चुकीने तोडलेला क्रमांक दुसऱ्या कुणालाही न देता राखून ठेवणे, त्याच दिवशी तो जोडणे आणि तोवर फोन करणाऱ्यास 'आमच्या चुकीमुळे सेवा बंद आहे' असे ऐकविणे, एवढे तरी नियमाने बंधनकारक व्हायला हवे. या शेवटच्या गोष्टीला कंपनीचे काय मोल पडणार आहे?

तोवर दुकानदारांनी एवढे करावे. तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि तो तारखेसह वहीत टिपून ठेवावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. समाधान झाले नाही तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते, त्याला शुल्क नाही. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी निवारत नाही, त्यामुळे दिल्लीला पत्रे धाडण्यात दिवस घालवू नयेत. मोबाइल क्रमांकाच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी, कारण आता बँकेचे व्यवहारही त्याच्याशी बांधलेले आहेत.

माझ्या स्नेह्यांचे अपील मी परवा लिहून दिले. भरपाईचा आकडा काय घालावा, यावर आम्ही बराच वेळ अडलो. सांगलीच्या पत्रिकेचा हिशेब कागदावर मांडता येत होता, मंडईतल्या त्या प्रश्नाचा मांडता येईना. अपिलाच्या निकालाला नियमाने एकोणचाळीस दिवस आहेत. तोवर मार्गशीर्ष संपत आलेला असेल.